सोनारानें कान टोचावे

सोनारानेंच कान टोचावे, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. एखाद्यास खरी पण कडू गोष्ट सांगावयाची असली म्हणजे ती ज्याच्या तोंडीं शोभेल त्याच्याच तोंडून सांगवावी, या अर्थानें ती आपण नित्य वापरतों. हा लाक्षणिक अर्थ इतका रूढ झाला आहे कीं, म्हणीचा मूळचा, शब्दशः अर्थ आपण जवळजवळ विसरलों आहों. टोचणें हें कौशल्याचें काम आहे आणि तें ज्याला येतें त्यानेंच करावें, हा तो मूळचा अर्थ. आज मला त्याच अर्थाविषयीं बोलावयाचें आहे. आणि आजच्या काळांत तो कितपत पुरा पडतो, हेंहि पाहावयाचें आहे.

पूर्वीं हा प्रश्न फारसा पडत नसे. गांवचा सोनार ठरलेला असे. आजीचे, आईचे आणि नातीचे कान एकाच घराण्यांतील हातांनीं टोचलेले असत. सोन्याची बारीक तार घेऊन तो घरीं येई, क्षणांत काम आटोपी, तारेला पीळ देई आणि आपली दक्षिणा घेऊन जाई. हात चुकला तर दुसऱ्या दिवशीं त्याच गांवांत त्याला तोंड दाखवावें लागे, हा त्याच्यावर मोठाच अंकुश होता.

निगडीसारख्या वसाहतींत ही स्थिति उरलेली नाहीं. १९७२ सालीं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें आणि निगडी-आकुर्डीच्या परिसरांत नव्या पेठा आंखल्या गेल्या. २०२१ सालीं तें प्राधिकरण विलीन झालें, तरी 'प्राधिकरण' हें नांव लोकांच्या तोंडीं कायम राहिलें. भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांच्या आधारानें साताऱ्याकडून, सोलापुराकडून, मराठवाड्यांतून, खानदेशांतून आणि परप्रांतांतूनहि कुटुंबें येथें आलीं. घरें उभीं राहिलीं, देव आले, कुळाचार आले. पण गांवचा सोनार मात्र मागेंच राहिला. म्हणून कोणाच्या हातून टोचावें, हा प्रश्न येथील आईबापांस स्वतःच सोडवावा लागतो. सराफाची पेढी आहे, दवाखाना आहे, ब्यूटी पार्लर आहे, आणि पिस्तुलासारखें यंत्र घेऊन बसलेला दुकानदारहि आहे. प्रत्येकजण एकच गोष्ट सांगतो, कीं दोन मिनिटांचें काम आहे. टोचण्याचें काम दोन मिनिटांचें, हें खरें. पण टोचणें म्हणजे जखम करणें होय, आणि ती जखम भरण्याचें काम कित्येक आठवड्यांचें असतें. सगळा धोका या दोन गोष्टींतील अंतर विसरण्यांत आहे.

आपल्या पूर्वजांना हें अंतर चांगलें ठाऊक होतें. कर्णवेध हा सोळा संस्कारांत गणलेला विधि; परंतु त्याचें सर्वांत बारकाईचें वर्णन वैद्यकाच्या ग्रंथांत आढळतें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. बालकाचे कान रक्षणासाठीं व भूषणासाठीं सहाव्या किंवा सातव्या महिन्यांत टोचावे. त्याला मांडीवर घेऊन खेळण्यांनीं रमवावें. वैद्यानें डाव्या हातानें कान ओढून धरावा. सूर्याचे किरण जेथून आरपार दिसतील, तें निसर्गानेंच ठेवलेलें पातळ स्थान शोधावें. आणि तेथें हळूहळू, सरळ छिद्र पाडावें. मग कापसाची वात घालावी व ती दर तीन दिवसांनीं बदलून थोडी थोडी जाड करीत जावी. इतकेंच सांगून सुश्रुत थांबत नाहीं. फार रक्त आलें किंवा फार दुखलें तर जागा चुकली असें समजावें, असें तो बजावतो. चुकलेल्या वेधानें ज्वर, दाह, सूज, गांठी, मान ताठणें आणि झटके येणें, हे विकार तो सांगतो. शेवटच्या दोन लक्षणांवरून आजच्या वैद्यास धनुर्वाताचीच आठवण होईल. वाईट सुई आणि घट्ट बसविलेली वात हीं बिघाडाचीं कारणें म्हणून तो दाखवितो. एवढेंच नव्हे, तर फाटलेली पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार त्याच अध्यायांत दिलेले आहेत. म्हणजे कान बिघडण्याचे प्रसंग त्या काळींहि कमी नसावेत. संस्कार म्हणून ज्याचा आदर करावयाचा, त्याच्या मागें शस्त्रकर्माची एवढी सावधगिरी उभी होती. आपण संस्कार ठेवला आणि सावधगिरी सोडली, असें मात्र होतां कामा नये.

पहिला प्रश्न वेळेचा. आपल्याकडे पुष्कळ घरांतून बाराव्या दिवशीं, बारशाच्या गडबडींतच, कान टोचण्याची रीत आहे. धर्मग्रंथांत याविषयीं एकमत नाहीं. दहावा, बारावा, सोळावा दिवस सांगणारे आहेत, तसेच सहावा, सातवा, आठवा महिना सांगणारेहि आहेत. तेव्हां यांपैकीं कोणता काळ निवडला असतां बालकास धोका कमी, एवढेंच पाहणें आपल्या हातीं उरतें. धनुर्वाताचे जंतु मातींत व धुळींत बीजरूपानें वर्षानुवर्षें टिकतात आणि लहानशा जखमेंतूनहि शरीरांत शिरतात. २०१५ सालीं भारतांतून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचें उच्चाटन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु या उच्चाटनाचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यांत हजार जन्मांमागें एकाहूनहि कमी रुग्ण, असा आहे. जंतु मातींतून गेलेले नाहींत. आईनें गरोदरपणीं लस घेतलेली असल्यास तिचें संरक्षण कांहीं काळ बाळाला मिळतें; पण बाळाची स्वतःची ढाल त्याच्या स्वतःच्या लसीनें तयार होते. आपल्या राष्ट्रीय लसीकरणांत जन्मतांच कावीळ ब या रोगावरची मात्रा देतात, आणि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत पेंटाव्हॅलंट लस देतात. त्या लशींत धनुर्वात आणि कावीळ ब या दोहोंवरील संरक्षण आहे. नेमकें हेच दोन रोग अस्वच्छ सुईनें होऊं शकतात. चौदा आठवडे म्हणजे सुमारें सव्वातीन महिने. त्यानंतर सुश्रुताचा सहावा महिना यावयाला फारसा अवकाश नसतो. सुश्रुताला लस ठाऊक नव्हती. परंतु त्याचा काळ आणि आजच्या वैद्यकाचा काळ येथें सहज जुळून येतो, आणि हा योग आपण साधावा.

घरांत हें कसें बोलावें, हाच कित्येकदां खरा पेंच असतो. सासूबाई म्हणतात, "अगं, आमच्या घरांत बाराव्यालाच टोचतात." त्यावर रीत मोडण्याची भाषा काढूं नये. "आई, टोचूं याच, तेवढे चौदा आठवडे जाऊं द्या, मग सहाव्या महिन्यांत चांगला दिवस तुम्हीच पाहा," एवढें म्हणावें. यांत वडीलधाऱ्यांचा मानहि राहतो, शास्त्रहि राहतें आणि बाळहि सुखरूप राहतें.

दुसरा प्रश्न जागेचा. कानाची पाळी आणि कानाचा वरचा भाग यांत मोठा भेद आहे. पाळी मांसल व चरबीयुक्त असते. तिच्यांत रक्त चांगलें खेळतें, म्हणून तिची जखम सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरच्या भागांत कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात; तिच्यावरील पातळ आवरणांतून तिचें पोषण होतें. तेथें पू झाला तर तें आवरण कूर्चेपासून सुटतें, कूर्चा उपाशी पडून मरते आणि कान आकसून वेडावांकडा होतो. तो पुनः पूर्ववत् होणें कठीण. वरच्या भागांत भूषण घालण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. बायकांची बुगडी तेथेंच असते आणि पुरुषांची भिकबाळीहि तेथेंच. आज तरुण मुलें-मुली हौसेनें तीच जागा टोचून घेतात. त्यांना हौस सोडा असें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. मात्र ही जखम भरावयाला सहा महिने, कधीं वर्षहि लागतें, हें त्यांना आधीं सांगितलें पाहिजे. नाकपुडींतील चमकीसाठीं पाडलेलें छिद्रहि पाळीइतकें लवकर भरत नाहीं. त्याला कित्येक महिने द्यावे लागतात. नाकांत जंतु सदैव वास करीत असल्यामुळें तेथें अधिकच जपावें लागतें.

कूर्चेच्या जखमेंत बहुधा जो जंतु शिरतो त्याचें नांव स्यूडोमोनास. तो ओलाव्यांत वाढतो. या औद्योगिक पट्ट्यांतील कामगारबंधूंना लेथवरचें, पाणी मिसळलेलें कूलंट ठाऊक आहे. शिळ्या कूलंटमध्यें या कुळांतील जंतु पुष्कळदा सांपडतात. पाळी संपवून घरीं आल्यावर त्याच हातानें ताज्या छिद्राला स्पर्श केला, तर काय होईल हें निराळें सांगावयास नको. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. निगडीहून जवळच, पिंपरीस, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. असंख्य जखमी व रोगी त्या औषधानें वांचले, आणि त्याविषयीं या भागाला अभिमान वाटावा हें योग्यच आहे. परंतु स्यूडोमोनासवर पेनिसिलिन चालत नाहीं. औषधाच्या दुकानांतून आपल्याच मनानें आणलेल्या नेहमींच्या बहुतेक गोळ्याहि चालत नाहींत. म्हणून कानाचा वरचा भाग लाल, गरम व दुखरा झाला, आणि पाळी मात्र तशीच राहिली, तर तें कूर्चेच्या दाहाचें चिन्ह समजून त्याच दिवशीं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावें.

तिसरा प्रश्न हत्याराचा. सुई स्पिरिटनें पुसली किंवा दिव्यावर धरली कीं काम झालें, अशी समजूत अद्याप आहे. ती सोडली पाहिजे. कावीळ ब या रोगाचा विषाणु वाळलेल्या रक्ताच्या डागांतहि निदान सात दिवस जिवंत राहतो. खरें निर्जंतुकीकरण ऑटोक्लेव्ह नांवाच्या यंत्रांत होतें. त्याचें तत्त्व आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचेंच आहे: सुमारें १५ पौंड दाबाखालीं वाफेची उष्णता १२१ अंशांपर्यंत चढते आणि ती पंधरा-वीस मिनिटें टिकविली कीं चिवट बीजरूप जंतुहि मरतात. याचा अर्थ घरच्या कुकरांत सुई शिजवून न्यावी असा नव्हे. बंद पाकिटांतील, एकदांच वापरावयाची निर्जंतुक सुई आज सहज मिळते, आणि तें पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडलें गेलें पाहिजे.

पिस्तुलासारख्या यंत्राविषयीं थोडें सांगतों. तें सुईसारखें धारेनें छेद करीत नाहीं. बोथट टोंकाची कुडी जोरानें आरपार ढकलतें. मऊ पाळीला हा आघात एखादे वेळीं सोसतो, पण कूर्चा त्यानें चिरडते. शिवाय प्लॅस्टिकचें असें यंत्र ऑटोक्लेव्हमध्यें घालतां येत नाहीं. २००० सालीं अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत एका दुकानीं असा प्रकार घडला कीं, कूर्चा टोचून घेतलेल्या सात जणांना स्यूडोमोनासची बाधा झाल्याचें सिद्ध झालें, आणि ते सारे दहा ते एकोणीस वर्षांच्या वयाचे होते. शोध केला तेव्हां जंतुनाशक म्हणून जें द्रव्य फवारलें जात होतें, त्याच्याच बाटलींत ते जंतु सांपडले. स्वच्छतेचा देखावा आणि स्वच्छता यांत किती अंतर असूं शकतें, हें दाखवावयास याहून दुसरें उदाहरण नको.

चौथा प्रश्न धातूचा. येथें कारखान्यांत काम करणाऱ्यांना निकेलचा मुलामा म्हणजे काय हें सांगावयाला नको. स्वस्त, चकचकीत दागिन्यांवर बहुधा तोच असतो, आणि ताज्या जखमेंत निकेल झिरपलें म्हणजे कित्येकांना खाज, चट्टे, पाणी सुटणें असा त्रास जडतो. एकदां शरीर निकेलवर रुसलें कीं तो रुसवा प्रायः जन्मभर राहतो. पुढें घड्याळाचा पट्टा आणि पँटचें बटणहि सोसेनासें होतें. युरोपांत यावर १९९४ सालीं कायद्यानें निर्बंध घातला गेला. टोचलेल्या छिद्रांत राहणाऱ्या काडीतून दर चौरस सेंटिमीटरमागें आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटूं नये, इतकी बारीक मर्यादा आतां तेथें आहे. आपण घरीं इतकें मोजूं शकत नाहीं. पण हॉलमार्क असलेलें बावीस कॅरटचें पिवळें सोनें किंवा शस्त्रक्रियेंत वापरतात त्या प्रतीचें टायटॅनियम एवढें तरी मागूं शकतों. पांढऱ्या सोन्यांत पुष्कळदा निकेल मिसळतात, म्हणून पहिल्या दागिन्यासाठीं तें टाळावें. आपल्या सोनाराची तार या कसोटीस चांगली उतरते. ती डॉक्टरांकडे आधीं देऊन निर्जंतुक करून घ्यावी आणि त्यांच्या सुईनें पाडलेल्या छिद्रांत ओवून घ्यावी. सोनाराची तार आणि डॉक्टरांची सुई, असा हा संगम पुष्कळ घरांना पटेल. सोनारच टोचणार असेल तरी हरकत नाहीं. मात्र त्यानें हात धुवावे, नवे हातमोजे घालावे आणि नवी सुई वापरावी. तीं तीन बंधनें तो आनंदानें पाळीत असेल, तर त्याच्या हाताच्या कसबाला तोड नाहीं.

आतां टोचल्यानंतरची काळजी. हा भाग सर्वस्वीं घरच्यांचा. दिवसांतून दोन वेळां हात साबणानें धुऊन, औषधाच्या दुकानीं मिळणाऱ्या निर्जंतुक मिठाच्या पाण्यानें, म्हणजे ज्याला नॉर्मल सलाइन म्हणतात त्यानें, छिद्राची पुढची व मागची बाजू पुसावी आणि स्वच्छ पट्टीनें कोरडी करावी. बस्स, इतकेंच. डब्यांतील हळद, खोबरेल तेल, स्पिरिट यांपैकीं कांहीं लावूं नये. हळदीची महती मी नाकारीत नाहीं. पण स्वयंपाकघरांतील डब्यांतली पूड निर्जंतुक नसते, आणि तेलानें छिद्राचें तोंड बुजून आंतला स्राव कोंडतो. तार किंवा कुडी फिरवीत राहावी, ही समजूतहि चुकीची आहे. फिरविल्यानें धरूं लागलेली नवी त्वचा पुनः फाटते. फिरकी घट्ट बसवूं नये. सूज येईल तिला जागा ठेवावी. पहिले सहा आठवडे दागिना बदलूं नये. उशीचा अभ्रा स्वच्छ ठेवावा. ओढणीचा व पदराचा धागा अडकूं देऊं नये. दुचाकीवर जाणाऱ्यांनीं शिरस्त्राण टाळूं नये, पण तें चढवितांना व उतरवितांना कान जपावा. आणि ज्यांना रोज शिरस्त्राण घालणें भाग आहे त्यांनीं वरचा भाग टोचून घेण्यापूर्वीं हा विचार अवश्य करावा. देहू-आळंदीस गेलां तर इंद्रायणीच्या तीरावर हातपाय धुऊन नमस्कार करावा. जखम भरेपर्यंत नदींत वा पोहण्याच्या तलावांत बुडी मारूं नये. तेवढ्यानें पुण्यांत उणें पडावयाचें नाहीं.

पहिले कांहीं दिवस थोडी लाली, थोडा ठणका आणि फिकट रंगाची खपली येते. त्यानें घाबरूं नये. परंतु लाली पसरूं लागली, पिवळा-हिरवा पू आला, ताप आला, किंवा फिरकी मांसांत रुतूं लागली, तर थांबूं नये. अशा वेळीं घाबरून दागिना आपणच काढून टाकला तर छिद्राचें तोंड मिटून पू आंत अडकण्याची भीति असते. तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. ज्यांच्या अंगावर जखमेच्या व्रणाची गांठ, म्हणजे कीलॉइड, वाढते, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या हृदयाच्या झडपेंत दोष आहे किंवा जे रक्त पातळ ठेवणारें औषध घेतात, त्यांनीं आधींच सल्ला घ्यावा. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका पाहणींत अकराव्या वर्षानंतर कान टोचलेल्यांत अशा गांठी अधिक आढळल्या; म्हणून ज्या घरांत गांठींची खोड आहे त्यांनीं मोठ्या वयाची हौस विशेष विचारानें करावी.

श्रोतेहो, या सर्वांतून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. म्हणींतला सोनार ही जात नव्हे, कीं पाटी लावलेलें दुकानहि नव्हे. तो एक विश्वास होता. गांवांत तो विश्वास ओळखीवर उभा होता. नव्या नगरांत ओळख नसते, तेव्हां तो प्रश्न विचारून मिळवावा लागतो. सुई नवी आहे का? पाकीट माझ्यासमोर फोडाल का? धातु कोणता? बिघडलें तर कोणाकडे यावें? हे चार प्रश्न विचारतांना पुष्कळांना भीड वाटते. दुकानदाराला राग येईल, कीं आपण अडाणी दिसूं, असें वाटतें. परंतु जो कसबी आहे त्याला हे प्रश्न आवडतात, कारण त्याचीं उत्तरें तयार असतात. आणि ज्याला राग येतो त्याच्या रागांतच आपलें उत्तर असतें. तेथून उठून यावें. कान आणखी महिनाभर मोकळा राहिला तर त्यांत कांहीं उणें होत नाहीं.